बांध दरवर्षी त्याच जागी का फुटतो?

प्रश्न : पारोळा तालुक्यात माझी पाच एकर काळी जमीन आहे, उतार बोरी नदीकडे. जोराचा पाऊस झाला की खालचा बांध एकाच जागी फुटतो. खालची कपाशी पाणी साचून चिभडते, पिवळी पडते, वरची आठ दिवसांच्या उघडिपीत माना टाकते. एवढं पाणी जातं कुठं? विहिरीत का उतरत नाही?

उत्तर : भाऊ, तुमची पेरणी उताराच्या दिशेनं असणार. मग प्रत्येक तास, म्हणजे पेरणीची ओळ, एक पाटच होते. एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी होतं, तुमच्या शेतात पाच लाख. त्यातलं जे जिरत नाही ते सगळं त्या एका कोपऱ्यावर येऊन धडकतं. वाहण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून बांधाची उंची वाढवण्यात पैसे घालू नका, उपाय वरच्या अंगाला आहे.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून खोल उतरतो. नंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि जिरणं फार मंदावतं. पुढचं पाणी ओघळीतून नाल्यात, नाल्यातून बोरीत, बोरीतून तापीत आणि उकाई, सुरतेवरून समुद्रात. नाल्याचं गढूळ पाणी एकदा काचेच्या पेल्यात रात्रभर ठेवा. सकाळी तळाचा गाळ बोटांत चोळून बघा, लोण्यासारखा लागेल. वर्षानुवर्षं शेणखत घालून तुम्ही कसदार केलेली ती माती आहे. मला पाण्यापेक्षा तिचं जास्त वाईट वाटतं.

विहिरीला पाझर येतो तो खालच्या मुरमातून आणि खडकाच्या फटींतून. चोपडा-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा थर आहे, तो नाल्याचं पाणी भराभर पितो. तुमच्याकडे चिकणमाती आहे, तिला वेळच द्यावा लागतो.

पुढचा पाऊस चालू असताना शेतात जा. पाणी जिथं गोळा होतं, जिथं वळतं, तिथं तुराटी रोवून खूण करा. यंदा पीक उभं आहे, तेव्हा कोळप्याला, म्हणजे तण काढायच्या औताला, दोरी गुंडाळून सऱ्या पाडा. पण उताराच्या सऱ्या मोकळ्या सोडल्या तर नुकसान वाढेल, म्हणून दर चार-पाच हातांवर मातीचा आडवा अडसर घाला. खालच्या चिभडणाऱ्या पट्ट्यात मात्र अडसर नको, तिथून उथळ चर काढून जादा पाणी बाहेर द्या. बांध फुटतो तिथंच दगडाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची पक्की वाट, बांधा, कडेनं गवत लावा.

पुढच्या वर्षी पेरणी उताराला आडवी, समपातळीतच करा. समपातळी काढायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोघांनी दोन टोकं धरली तरी जमतं. वरच्या शेतकऱ्यालाही सोबत घ्या, त्याच्या शेतातलं पाणी तुमच्याकडेच येतं.

विहिरीत शेतातलं गढूळ पाणी थेट सोडू नका. पाझर गाळानं बुजतो, फवारणीची औषधंही आत जातात. आधी गाळ बसायला खड्डा, मग दगड, खडी आणि वाळूची गाळणी, आणि त्यातून नळी.