'सौजन्य : गूगल' लिहून भागत नाही

खानापूरच्या भावांनी विचारलंय : आपल्या भागातल्या गडकोट-देवळांची साइट करतोय, पैसे कमवायचे नाहीत, मग नेटवरचे फोटो 'सौजन्य : गूगल' लिहून लावले तर चालतील का?

नाही चालणार, भाऊ. गूगल फोटो शोधून दाखवतं. काढलेला असतो दुसऱ्याच कुणीतरी आणि हक्क त्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्यासाठी नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात खूण असायचीही गरज नाही. खाजगी वापराची सवलत कलम ५२ मध्ये आहे, पण ती स्वतःपुरती, अभ्यासापुरती. साइट म्हणजे साऱ्या जगासाठी उघडं ठेवलेलं दार, तिच्यासाठी या सवलतीच्या भरवशावर राहू नका. दुसऱ्याच्या साइटवरचा फोटो थेट लिंक करून आपल्या पानावर उमटवणं हीही पळवाट नव्हे.

मी स्वतः ही चूक केली आहे. गोकाकच्या धबधब्याचा एक फोटो उचलला होता. खालच्या कडेला बारीक अक्षरांत फोटोग्राफरचं नाव होतं. पानाच्या मापात बसेना म्हणून तेवढी पट्टी मी कापली. काही महिन्यांनी त्यांची मेल आली. भर पावसात झुलत्या पुलापाशी तासभर थांबून, शर्टाच्या टोकानं लेन्स पुसत तो फोटो काढला होता त्यांनी. पैसे मागितले नाहीत, फक्त काढून टाका म्हणाले. मी त्याच रात्री काढला आणि माफी मागितली. नाव कापल्याचं मात्र आजही मनाला लागतं. कामावर कर्त्याचं नाव असणं हाही त्याचा कायद्यानं दिलेला हक्क आहे, कलम ५७.

जुन्या फोटोंचं गणित वेगळं. आधी फोटो प्रसिद्ध झाल्यापासून वर्षं मोजत, २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोग्राफर वारला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे फोटोग्राफर १९६० साली वारला असेल तर हक्क २०२० संपताच संपला. १९२४ साली बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्या वेळी छापले गेलेले फोटो जुन्या नियमाप्रमाणे केव्हाच मोकळे झालेत, ते बिनधास्त वापरा. घरच्या ट्रंकेत आजोबांच्या लग्नाचा फोटो असेल, मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का असेल, तर शिक्का बघून घाबरू नका. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. शेजाऱ्यांच्या ट्रंकेतला असेल तर त्यांना विचारा.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, आठशे वर्षांची. तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही, पण तिच्या आजच्या फोटोवर आहे. तेव्हा शक्य तिथं स्वतः जाऊन काढा. चौकात कायमचा उभारलेला पुतळा असला तरी त्याचा फोटो काढून लावायला कायद्याची आडकाठी नाही.

जाणं जमत नसेल तर विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या फोटोंच्या भांडारात बघा. तिथं प्रत्येक फोटोखाली परवाना, म्हणजे तो वापरायच्या अटी, लिहिलेला असतो. नाव द्या एवढीच अट असेल तर फोटोग्राफरचं नाव, परवान्याचं नाव आणि दोन्हींची लिंक फोटोच्या लगेच खाली द्या, साइटच्या तळाशी नको. काही परवान्यांत फोटोत बदल केला तर सांगावं लागतं, काहींत बदललेला फोटो त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. ते वाचूनच घ्या.

आणि विचारायला लाजू नका. आपल्याकडचे कितीतरी फोटोग्राफर कन्नड लिहिणारे आहेत, त्यांना मित्राकडून दोन ओळी कन्नडमध्ये लिहून घेऊन पाठवा. मी एवढंच लिहितो : "नमस्कार. तुमचा राजहंसगडाचा फोटो माझ्या साइटच्या या पानावर लावायचा आहे. साइटवर जाहिराती नाहीत. खाली तुमचं नाव कसं लिहू? परवानगी आहे का?" सोबत पानाची लिंक. होकार आला की ती मेल जपून ठेवा, आणि येईपर्यंत ती जागा रिकामीच राहू द्या.