स्किझोफ्रेनिया आणि प्रतिकारशक्तीची जनुकं: वाचन कुठून सुरू करावं

सायटोकाइनच्या, म्हणजे प्रतिकारपेशींच्या निरोप्या प्रथिनांच्या, याद्या पाठ करत बसू नकोस. आधी सहाव्या गुणसूत्रावरचं सी४ जनुक नीट समजून घे; ते प्रतिकारशक्तीचं सी४ हे प्रथिन बनवतं. २०१६ मध्ये दिसलं, की मेंदूत सी४ए (सी४ प्रथिनाचा एक प्रकार) जास्त बनवणारी या जनुकाची रूपं असतील तर स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा वाढतो. उंदरांत सी४ प्रथिन चेतापेशींमधले जोड छाटायला मदत करतं. किशोरवयात माणसात ही छाटणी जास्त होत असेल का? मला या विषयात ओढलं ते याच प्रश्नाने.

नवखे हमखास इथे चुकतात:
- सीआरपी (दाह, म्हणजे शरीरातली सूज, असली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलं की दाहालाच आजाराचं कारण मानतात. लठ्ठपणा, सिगारेट, हिरड्यांची सूज यांनीही ते वाढतं.
- जनुकातला धोका म्हणजे आजारच समजतात.

आणि वाचलंस म्हणून घरातल्या कुणाची औषधं बदलू नकोस, ते डॉक्टरांशी बोलूनच. एचएलए ही प्रतिकारशक्तीची दुसरी जनुकं नंतर बघू. अडलं की बिनधास्त विचार.