शेजाऱ्यावर प्रीती करायची म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय, की रविवारी चर्चमध्ये "शेजाऱ्यावर प्रीती कर" ऐकतो, पण सोमवारी बेळगावात कामाला लागल्यावर त्याचं करायचं काय? आणि ज्याच्याबद्दल मनात काही वाटतच नाही, त्याचं काय?

वाटेपर्यंत थांबू नका. बायबलमध्ये लूकच्या 10व्या अध्यायातल्या येशूच्या गोष्टीतला शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस, बघा. लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला एक माणूस त्याला वाटेत दिसला. त्याच्या मनाबद्दल एवढंच सांगितलंय, की त्याला कळवळा आला. पुढे सगळं काम आहे. त्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला. हे शेवटचं फार महत्त्वाचं. सगळं आपल्याच अंगावर घेणारा महिन्याभरात थकतो आणि मग चिडचिड करतो.

येशू ही गोष्ट यहुद्याला सांगत होता, आणि यहुदी आणि शोमरोनी यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. आपल्याकडे मराठी-कन्नड वाद आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सौंदत्ती, रामदुर्गकडचे कन्नड बोलणारे पेशंट असतात. पेशंटला सगळे विचारतात. त्याच्याजवळ बसलेली बाई मात्र सकाळपासून उपाशी असते. तिला कन्नडमध्ये "ऊट आयता?", म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारलं तरी पुरे. दोन भाकऱ्या आणि सुकी भाजी कागदात बांधून न्या. डबा नको, तो धुऊन परत करायचं ओझं तिच्यावर पडतं. पेशंटला सिस्टरना विचारल्याशिवाय काही भरवू नका. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं असेल, साखरेचा त्रास असेल. आणि "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कोणी सांगत नाही. "मी तासभर बसतो, तुम्ही आंघोळ करून या" असं म्हणा.

प्रार्थना विचारूनच करा, दोन मिनिटांत आटपा. नको म्हणाल्या तरी उद्याची भाकरी चुकवायची नाही. मदतीला प्रार्थनेची अट घातली की तो व्यवहार झाला. फोटो काढून स्टेटसला लावणं तर नकोच, मत्तय 6:3 वाचा: उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये.

उसने पैसे मागितले तर जेवढे परत न आल्याने घर अडणार नाही तेवढेच द्या, आणि ते गेले असं धरा.

सगळ्यात अवघड म्हणजे बांधावरून बोलणं बंद झालेला शेजारी. मत्तय 5:23-24 प्रमाणे आधी समेट, मग अर्पण. एकट्याने जा, पंचांना नेऊ नका. आपली जी चूक असेल तेवढीच बोला: "त्या दिवशी मी शिवी दिली, चुकलं माझं." पुढे "पण तूसुद्धा..." आलं की आधीचं सगळं पुसलं जातं. तो गप्प राहिला तर गप्पच परत या, उत्तर मागू नका. बांधाची हद्द खरोखर वादात असेल तर मोजणीची गोष्ट त्या दिवशी काढू नका. आठवडाभराने दोघांनी मिळून अर्ज द्या.