केसाएवढ्या नळीत पुरस्कार देण्याजोगं काय आहे?

प्रश्न : औषध-विश्लेषणात कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिससाठी योगदान दिल्याबद्दल पुरस्कार देतात, असं वाचलं. विजेच्या जोरावर बारीक नळीत रेणू वेगळे करण्याचं हे तंत्र तर जुनंच आहे ना? मग गौरव कशाचा?

जुनं आहेच. विजेच्या जोरावर रक्तद्रवातली प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांना 1948 सालीच नोबेल मिळालं. 1981मध्ये अमेरिकेत जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी 75 मायक्रॉन पोकळीच्या काचेच्या नळीत (कॅपिलरीत) विजेच्या जोरावर रेणू वेगळे करून दाखवले. नळी बारीक, म्हणून उष्णता चटकन बाहेर पडते आणि 30 किलोव्होल्टपर्यंतचा विजेचा दाब देता येतो.

पण शोधनिबंधातला एक देखणा आलेख वेगळा आणि औषधाची बॅच पास-नापास करणारी चाचणी वेगळी. तीच चाचणी सोमवारी आणि शनिवारी, इथे आणि दुसऱ्या खंडातल्या लॅबमध्ये सारखंच उत्तर देते, हे दाखवायला वर्षं जातात. कामही कंटाळवाणं. माझ्या मते पुरस्कार त्या चिकाटीचा असतो.

प्रश्न : आमच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणी विभागात) एचपीएलसीवर, म्हणजे द्रव दाबाने कॉलममधून ढकलून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, सगळं भागतं. हे नवं लोढणं कशाला?

साध्या गोळ्यांमधलं औषध किती आहे, एवढंच मोजत असाल, तर नकोच. संवेदनशीलतेत एचपीएलसी सरस आहे. कॅपिलरीत मोजणी सहसा आरपार जाणाऱ्या प्रकाशावरून होते आणि त्याला कापायला अंतरच जेमतेम नळीच्या पोकळीएवढं मिळतं. मात्र मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे औषध म्हणून वापरली जाणारी मोठी प्रथिनं, हाताळणाऱ्यांना विचारा. पूर्वी जेल ओता, रंगवा, धुवा आणि पट्टे डोळ्यांनी जोखा, असा कारभार होता. सीई-एसडीएस या कॅपिलरी पद्धतीत प्रथिनाचे तुकडे नळीतच आकारमानानुसार वेगळे होतात आणि टक्केवारी थेट हाती येते. आरशातल्या प्रतिमेसारखे जुळे रेणू वेगळे करायलाही बऱ्याचदा बफरमध्ये (नळीत भरलेल्या, पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सायक्लोडेक्स्ट्रिन हा साखरेच्या कड्यांचा पदार्थ घातला की पुरतं. महागडा कायरल कॉलम लागत नाही.

प्रश्न : रुग्णाला याचा कधी उपयोग झाला आहे का?

झाला आहे. 2007-08मध्ये हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या इंजेक्शननंतर अमेरिकेत रुग्णांचा रक्तदाब अचानक कोसळू लागला, काही दगावले. डुकराच्या आतड्यांपासून बनणाऱ्या या औषधात अतिसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हा हेपॅरिनसारखाच दिसणारा पदार्थ मिसळलेला निघाला. तेही रक्त गोठणं लांबवतं, त्यामुळे नेहमीच्या चाचण्या फसल्या. मार्च 2008मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) तपासणीसाठी ज्या दोन पद्धती जाहीर केल्या, त्यांतली एक एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची रचना ओळखण्याची पद्धत) आणि दुसरी कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस. विद्युतभार वेगळा, म्हणून वेगही वेगळा. भेसळ नळीत लपू शकली नाही.

प्रश्न : माझी पीक्स (आलेखातली प्रत्येक घटकाची टोकं) दर रनला, म्हणजे दर चाचणीला, सरकतात. गाइड म्हणतात, कॅपिलरी बदल. (एमएस्सीची विद्यार्थिनी)

थांब, इतक्यात बदलू नकोस. नळीच्या आतल्या भिंतीवर सिलॅनॉल गट (विद्युतभार घेणारे काचेचे रासायनिक गट) असतात. त्यांचा भार बदलला की अख्ख्या द्रवाचा प्रवाह बदलतो. रन संपल्यावर सोडियम हायड्रॉक्साइड, पाणी, बफर या क्रमाने धुतेस का? आणि दर वेळी तितकीच मिनिटं? मग बफरच्या बाटल्या बघ. वीज वाहताना त्यांचा पीएच हळूहळू ढळतो, म्हणून काही रननंतर त्या बदलाव्याच लागतात. तिसरी गोष्ट तापमान : एका अंशाच्या फरकाने गती साधारण 2 टक्क्यांनी बदलते. एसी दुपारी बंद होत असेल आणि यंत्राचं कूलिंग कमजोर असेल, तर कॅपिलरीचा काय दोष?

एवढं करूनही पीक सरकलंच, तर करंटचा आलेख काढून गाइडना दाखव. तो खालीवर होत असेल, तर बुडबुडा किंवा नमुन्यातलं मीठ शोधा.