मुंबईत रोलर स्कीचा सराव करून बर्फावरचं क्रॉस-कंट्री स्कीइंग जमेल का?

तुम्ही विचारलंय की मुंबईत वर्षभर रोलर स्की (म्हणजे रस्त्यावर वापरायची, चाकं लावलेली स्की) केली तर हिवाळ्यात गुलमर्गला क्रॉस-कंट्री (म्हणजे उतारावरून नुसतं घसरण्याऐवजी बर्फावरून स्वतःच्या ताकदीने लांबवर जाणं) जमेल का, आणि दोन्हींत अवघड काय. मी दोन्ही करतो. दम, खांदे आणि पोट यांची तयारी इथे उत्तम होते. पाय मात्र बर्फावर नव्याने शिकवावे लागतात.

खरा फरक क्लासिक पद्धतीत आहे, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून चालल्यासारखं एकेका पायाने पुढे सरकण्यात. बर्फावरच्या क्लासिक स्कीला मध्यभागी कमान असते. सगळं वजन एका पायावर नेमक्या क्षणी टाकलं की ती दबते, तिच्याखालचं मेण बर्फ धरतं आणि तेव्हाच पुढे रेटा मिळतो. क्षण चुकला की स्की मागे सटकते. क्लासिक रोलर स्कीत एक चाक फक्त पुढच्याच दिशेने फिरतं, त्यामुळे रेटा कसाही द्या, पकड मिळतेच. ही फुकटची पकड पायांना आळशी करते. वजन अर्धवट टाकायची सवय लागते आणि रस्त्यावर ती कळतही नाही. म्हणून मी मुंबईत क्लासिक कमी आणि डबल पोलिंग जास्त करायला सांगेन, म्हणजे दोन्ही पोल (हातातल्या काठ्या) एकदम रोवून पोटाच्या जोरावर पुढे जाणं. ते बर्फावर जवळपास जसंच्या तसं उपयोगी पडतं. लहानपणी इनलाइन स्केटिंग केलं असेल तर स्केट पद्धतही, म्हणजे स्केटिंगसारखा बाजूला रेटा देत जाणं, लवकर बसेल.

कौशल्य बर्फावर जास्त लागतं, पण धोका रस्त्यावर जास्त. बर्फात स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग कमी करता येतो आणि पडलात तरी सहसा निभावतं. बहुतेक रोलर स्कींना ब्रेक नसतो आणि डांबर सोलून काढतं. त्यामुळे फ्लायओव्हरचा उतार कितीही मोकळा दिसला तरी तिकडे फिरकू नका. पेव्हर ब्लॉकच्या फटी छोट्या चाकांना घातक. काँक्रीटच्या रस्त्यावर पोलचं टोक रुतत नाही, घसरतं आणि मनगटाला हिसका बसतो. आता आपल्याकडे रस्ते भराभर काँक्रीटचे होतायत, त्यामुळे एखाद्या बंद आवारातला सपाट डांबरी रस्ता परवानगी काढून पहाटे मिळवा. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर चाकं बाजूला सरकतात, तेव्हा ते महिने जिमला द्या. हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड हवेतच.

रोलर स्कीला नुसती पूर्वतयारी मानू नका. तिच्या स्वतंत्र जागतिक स्पर्धा होतात आणि बर्फ कधीच पाहिला नाही तरी हा खेळ मनापासून करण्यासारखा आहे.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे समुद्रसपाटीवर कमावलेला दमही सुरुवातीला कमी पडेल. पहिले दोन दिवस वेगाच्या मागे लागू नका. पोल बाजूला ठेवून, एका स्कीवर पूर्ण वजन टाकून घसरत जायचा सराव करा.