घरासाठी परदेशी जायचंय ना, मग आईचा व्हिसा आधी बघ

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेस, वडील नाहीत, आई इचलकरंजीत शिलाईकाम करते, बहीण अकरावीत. टेक्सासमधल्या मावसभावासारखं घर सावरायचंय, राहतं घर तारण ठेवायला आई तयार आहे, तर एमएस अमेरिकेत करू की जर्मनीत, असं तू विचारलंस. दोन्हीकडच्या पगारांचा हिशेब चोख मांडलास. आई पुढे कुठे राहणार, याबद्दल मात्र पत्रात अवाक्षर नाही.

अमेरिकेत शिक्षणानंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायचे, १२ महिने मिळतात, तुझ्या शाखेला आणखी २४. पुढे एच-वन-बी, म्हणजे कुशल नोकरदारांचा व्हिसा. त्याच्या वर्षाला ८५ हजार जागा, त्यातल्या २० हजार तिथे मास्टर्स केलेल्यांच्या. नोकरीवरची ग्रीन कार्डं, म्हणजे कायम वास्तव्याचे परवाने, वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. त्या रांगेत असताना नोकरी गेली, तर नवी शोधायला जेमतेम ६० दिवस. आणि आई? ती व्हिजिटर व्हिसावर पाहुणी म्हणून येईल. तिला कायमचं न्यायचं तर तुला आधी तिथलं नागरिकत्व घ्यावं लागेल, ग्रीन कार्डही पुरत नाही. मावसभावाला पगार विचारून झाला असेल, तर आता मावशी आजारी पडली तेव्हा तो येऊ शकला का, तेही विचार.

जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे पदवीधर नोकरदारांच्या परवान्यावर, बी-१ (मध्यम) पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, ए-१ (अगदी प्राथमिक) वर २७ महिन्यांत. उद्या लग्न झालं तर बायकोलाही तिथे नोकरी करता येते. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा नोकरीसाठीचा वास्तव्य परवाना मिळालेल्या कुशल नोकरदारांना आईवडिलांनाही बोलावता येतं. मेख आहे ती आरोग्यविम्यात. उतारवयात तिथला विमा मिळणं अवघड आणि महाग, तेव्हा आईला आजच शब्द देऊन बसू नकोस.

माझं मत जर्मनीच्या बाजूने आहे, पण लगेच नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं, तरी व्हिसासाठी सध्या ११,९०४ युरो बंद खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात. म्हणजे साधारण बारा-तेरा लाख रुपये. कर्ज साडेसात लाखांपुढे गेलं की बँका सहसा तारण मागतात, आणि तुमच्याकडे ते राहतं घरच. आई तयार आहे म्हणतोस, पण मुलाने विचारल्यावर कुठली आई नाही म्हणते? चाकणला दोन-तीन वर्षं नोकरी कर, संध्याकाळी जर्मन शिक, पैसे साठव. तोवर बहिणीची बारावी होऊन पुढचा प्रवेशही मार्गी लागेल. अनुभवाचा उपयोग तिथे नोकरी शोधताना होतोच.

एक काम आत्ताच उरकून घे. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसाला एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, लागतं, त्यासाठी सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका हव्यात. कॉलेज सुटल्यावर त्या मिळवायला फार खेटे पडतात.