टाकीतलं जुनं पाणी शेताला द्यावं का?

प्रश्न : माझं स्पिरुलिना या खाण्याच्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं छोटं उत्पादन आहे. वाळवताना बिघडलेला माल आणि टाक्यांतून काढलेलं जुनं पाणी वाया जातं. शेजारचे शेतकरी म्हणतात, दोन्ही आम्हाला द्या, खत म्हणून वापरतो. पाण्यात नत्र असतं, मग पातळ करून दिलं तर चालेल ना?

उत्तर : माल जरूर द्या. पाणी देऊ नका, पातळ करूनही नको.

पाण्याचं आधी सांगते, कारण खरं नुकसान तिथे आहे. स्पिरुलिना वाढवणारे बहुतेक जण १९६६ सालच्या झारुक माध्यमाचा, म्हणजे शेवाळ वाढवायच्या क्षारमिश्रित पाण्याच्या कृतीचा, आधार घेतात. त्यात लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा आणि २.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट असतं, मीठ वेगळं. हिशेब मांडला तर लिटरमागे साडेपाच ग्रॅमहून जास्त सोडियम येतं आणि नत्र जेमतेम ०.४ ग्रॅम. एक किलो नत्र शेतात पोचवायला सुमारे १४ किलो सोडियम ओतायचं, आणि हे झालं ताज्या पाण्याचं! जुन्या पाण्यातलं बरंचसं नत्र शेवाळानं खाल्लेलं असतं, सोडियम मात्र होतं तेवढंच राहतं.

चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेल्या, जमिनींचे नमुने तपासण्यात माझी नोकरी गेली, म्हणून या बाबतीत मी इतकी हट्टी आहे. सोडियम वाढलं की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि मातीतली छिद्रं बुजवतात. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. ओली असताना लगदा आणि वाळल्यावर दगड, अशी ती जमीन होते. मग जिप्सम घाला, चर खणा, गोड्या पाण्यानं क्षार धुऊन काढा; तरी ती ताळ्यावर यायला वर्षं लागतात. शेजाऱ्याच्या शेतावर ही वेळ आपल्या हातून येऊ नये.

आता पातळ करण्याचं. सिंचनाच्या पाण्यात आरएससी, म्हणजे उरलेलं सोडियम कार्बोनेट, लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या (क्षार मोजायचं एकक) वर गेलं की ते पाणी अयोग्य धरतात. झारुक माध्यमात ते २०० च्या आसपास असतं. मर्यादेत आणायला ८० पट पाणी मिसळावं लागेल, आणि तोवर लिटरमध्ये नत्र उरेल फार तर ५ मिलिग्रॅम. त्यात खत म्हणावं असं काही राहत नाही. तुम्ही सोडा निम्मा वापरत असाल, तरी निष्कर्ष बदलत नाही.

बिघडलेल्या मालाची गोष्ट मात्र अगदी वेगळी. वाळलेल्या स्पिरुलिनात ६० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, म्हणजे जवळपास १० टक्के नत्र. शिवाय स्फुरद आणि लोहही. इतकं सकस खत फेकून देणं मला खरोखर सहन होत नाही. पण तो माल कच्चा पेरणीच्या ओळीत टाकू नका. कर्ब-नत्र गुणोत्तर (एक भाग नत्रामागे किती भाग कर्ब) ५ च्या जवळ असल्यानं तो झपाट्यानं कुजतो, अमोनिया सुटतो आणि कोवळी रोपं करपतात. वासही असह्य येतो.

त्याला कोरड्या काडीकचऱ्याची जोड हवी. एक किलो सुक्या मालाला सुमारे सात किलो भुसा किंवा काड धरा. गुणोत्तर २५ च्या आसपास येतं. ओला लगदा असेल तर त्यात पाचातले चार भाग पाणीच असतं, तेव्हा पाच किलो लगद्याला तेवढंच सात किलो काड. लगदा आधी गोड्या पाण्यानं धुऊन दाबून घ्या, म्हणजे सोडा निघून जाईल. ढीग ओलसर ठेवा, वरचेवर उलथा. कंपोस्ट तयार झालं असं वाटलं की त्यात मुळ्याचं बी पेरून बघा. उगवण नीट झाली नाही तर अजून कुजू द्या.

शेवाळ गोळा करायला तुरटी वापरत असाल तर शेतकऱ्यांना तसं सांगा, कारण तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतं. सांडपाण्यावर वाढवलेलं शेवाळ असेल, तर जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय कुणालाच देऊ नका. ते धातू शोषून घेतं.

जुनं पाणी गाळून पुन्हा टाकीतच वापरा. सोडा बराचसा शिल्लक असतो. नत्र, स्फुरद, पालाश तपासून तेवढीच भर घालायची. लगदा धुतलेलं पाणीही बाष्पीभवनानं झालेली तूट भरायला चालतं. पाणी गढूळ, फेसाळ व्हायला लागलं आणि टाकून देणं भागच पडलं, तर ते अस्तर घातलेल्या उथळ हौदात उन्हानं आटवा. ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका.